दुधीचा रस आणि पारोळ्याचं स्थळ

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. एकदा मी बोलायला लागले की मधे कोणी खिदळायचं नाही, कारण ही माझ्या माहेराची गोष्ट आहे. लोकांचं माहेर जमिनीपायी तुटतं, सोन्यापायी तुटतं. माझं कशापायी तुटलं असेल? दुधीभोपळ्यापायी!

खोटं वाटतंय ना? चहा ओता, सांगते.

मागच्या उन्हाळ्यात मला तब्येतीचं वेड लागलं. जळगावच्या उन्हाळ्यात माणसाला कसलं ना कसलं वेड लागतंच, त्यात नवल नाही. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायका सकाळी चालायला जायच्या आणि उरलेल्या निम्म्या गच्चीत उभं राहून चालणाऱ्यांना नावं ठेवायच्या. मी वर्षानुवर्षं गच्चीवाल्या पक्षात. पण समोरच्या वंदनाताई मोबाईलवरच्या कुठल्याशा मॅडमचं ऐकून अशा काही बारीक झाल्या, की माझा जीव जळायला लागला. मैत्रीण बारीक होणं ही काय सहन करायची गोष्ट आहे? तुम्हीच सांगा!

मीही त्या मॅडमच्या ग्रुपात शिरले. मॅडम कधी दिसल्या नाहीत, नुसता आवाज यायचा. "मैत्रिणींनो, साखर हे पांढरं विष! मैदा हे पांढरं विष! मीठ, भात, दूध...!" जे जे पांढरं ते ते विष. आमच्या ह्यांचे केस तेवढे त्यातून सुटले.

नवी गाडी शिकलेला माणूस कसा रस्त्यावरच्या प्रत्येकाला हॉर्न मारत सुटतो, तशी झाले मी. कोणाच्या घरी गेले की आधी ताटात डोकवायची. भाजीवाल्याला ताकीद दिली, माझ्यापुढे बटाटे काढायचे नाहीत. ह्यांच्या ताटातली पोळी उचलून तिथे काकडी ठेवली.  हे बिचारे रोज संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडायला लागले आणि येताना शर्टावर शेवेचा चुरा घेऊन यायला लागले.

एवढ्यात मॅडमनी डिटॉक्स सप्ताह जाहीर केला. आपल्याकडे सप्ताह म्हटला की लोक शेवटच्या महाप्रसादाकडे डोळे लावून बसतात. ह्या सप्ताहात प्रसादच नव्हता. आठवडाभर नुसता दुधीचा रस. सकाळी दुधी, दुपारी दुधी, आणि संध्याकाळी काय वेगळं असेल तर तो दुधी जरा कोमट झालेला असायचा.

नेमका त्याच आठवड्यात चोपड्याहून माझ्या धाकट्या भावाचा, मधूचा, फोन आला.

"अक्का, दीपकला स्थळ आलंय. पारोळ्याचं."

हे तो कुजबुजत बोलला. मोठ्यानं बोललं तर स्थळ उडून जाईल अशी भीती!

त्याचाही दोष नव्हता. दीपक म्हणजे मधूचा मुलगा, माझा एकुलता एक भाचा. ॲग्रीची पदवी, केळीची बहरलेली बाग, बागेला ठिबक, दारात गाडी, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. पण तिशी उलटली तरी लग्न नाही. का? तर पोरगा शेतकरी! मुलींचे बाप स्वतः शेतकरी, त्यांचे बाप शेतकरी, फोनवर बोलणार तेही बांधावर उभं राहून, आणि म्हणणार काय? "बाकी सगळं चांगलं आहे हो, मुलगा तेवढा शेतकरी नको!" पुण्यात एका खोलीत चौघांबरोबर पथारी टाकणारा चालेल, पण स्वतःच्या मळ्यात पाय पसरून झोपणारा चालायचा नाही. एका मुलीनं तर विचारलं, तुमच्या गावात मोमो मिळतात का? आमचा दीपक पडला प्रामाणिक. म्हणाला, "नाही, पण केळी म्हणाल तेवढी." संपलं स्थळ.

आणि ही पारोळ्याची भाग्यश्री! कॉम्प्युटरचे क्लास घेणारी मुलगी, आणि आपण होऊन म्हणाली होती की मला शेतकरी चालेल. असं म्हणणारी मुलगी आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कोणी पाहिली नव्हती. मधूनं कुजबुजायचं नाही तर काय करायचं?

"अक्का, तू चल," मधू म्हणाला. "आम्ही दोघं तिथे जाऊन नुसते बसून राहतो. तू जळगावात राहिलेली, तुला चार माणसांत बोलता येतं."

चार माणसांत बोलता येतं! हे वाक्य मधू आता स्वतःच्या मुलालासुद्धा म्हणत नाही.

मग कल्पनानं, म्हणजे मधूच्या बायकोनं, फोन घेतला. "ताई, ते लोक मांडे आणि आमरस करणार आहेत. तुमचं ते रसाचं काय चाललंय म्हणे... पण तिथे घासभर खाऊन घ्या हं. घरात जुनी माणसं आहेत."

"कल्पना," मी म्हटलं, "जग बदललं गं आता. सरळ सांगायचं, माझं डिटॉक्स चालू आहे. शिकलेली माणसं समजून घेतात."

"बरं," कल्पना म्हणाली. भावजयीच्या 'बरं'चा अर्थ ज्या नणंदेला कळला, ती आयुष्यात कधी तोंडघशी पडत नाही. मला कळला नाही.

ठरल्या दिवशी मी जळगावहून एसटीनं निघाले. पर्समध्ये दुधीच्या रसाची बाटली. एरंडोल गेलं, पारोळा आला, तोवर उन्हानं त्या रसाचा रंग पालापाचोळा कुजवल्यासारखा झाला होता. वाससुद्धा त्याच वळणावर होता. स्टँडवर मधूची गाडी उभी. दीपकनं नवा शर्ट घातलेला, कल्पनानं ठेवणीतली पैठणी, आणि मधूच्या कपाळावर लग्न ठरायच्या आधीच घाम.

मुलीचं घर किल्ल्याच्या बाजूला एका गल्लीत. मुलीचे वडील भिकनआबा. साधा, हसतमुख माणूस. आम्ही आलो तर इतके आनंदले, की चपला काढायलाही त्यांनीच हात पुढे केला. आणि दारातल्या खाटेवर बसलेली त्यांची आई. तिला सगळे मोठी माय म्हणत. सोनार मोडीत आलेला दागिना जसा पाहतो, तसं तिनं मला एकदा वरून खाली पाहिलं. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण उपाशी माणसाला सावध राहायला ताकद कुठून येणार?

ताटं आली. अरे देवा! ते ताट मी तुम्हाला कसं सांगू? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झालेली, आंब्याचे दिवस. उलट्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे, रुमालासारखे पातळ, घडी घातलेले. वाटी काठोकाठ भरून आमरस. शेवभाजीवर तेलाचा लाल तवंग. कुरडया, भजी. चार दिवस दुधीवर जगलेल्या बाईपुढे हे ताट! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून भिकनआबांना वाटलं, पाहुणीचा ऊर भरून आला.

"घ्या ताई, सुरुवात करा."

"नाही, मला नको."

"थोडंसं."

"नको म्हणजे नकोच आबा. मला आग्रह करू नका."

आता इथे तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मुलगी पसंत पडली नाही, तर पाहुणे तोंडानं नाही म्हणत नाहीत. पोट बरं नाही म्हणतात, घोटभर पाणी पितात आणि उठतात. ताटाला हात लावला नाही म्हणजे नकार, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग मला ठाऊक नव्हतं का? होतं की! मी स्वतः ती युक्ती दोन ठिकाणी वापरली होती! पण डिटॉक्समध्ये पोटाबरोबर डोकंही साफ होतं, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

 मधूचा घास हातातच राहिला. खाटेवरून मोठ्या मायचा अहिराणीतला सवाल आला, "काय व्हयनं वो माय? आमना घरनं अन्न चालत नही का तुले?"

"तसं नाही आजी," मी गोड आवाजात म्हटलं, "मी असलं अन्न आता सोडलंय."

असलं अन्न! कल्पनाच्या कोपराचा ढोसा माझ्या बरगडीत बसला. मला वाटलं, जागा कमी पडतेय तिला. मी सरकून बसले.

भिकनआबा कसनुसं हसले. "असलं म्हणजे ताई? घरचंच आहे सगळं."

आता खरं तर गप्प बसायचं, एक मांडा मोडायचा आणि देवाची माफी मागायची. पण मला बोलायला आणलं होतं ना? मग मी बोलले!

"आबा, राग मानू नका. आपली साधीभोळी माणसं, आपल्या लक्षात येत नाही. पण स्पष्ट सांगते, तुमच्याकडे शुगर फार आहे."

"आमच्याकडे?" आबा दचकले. "कोणाला?"

"कोणाला काय? ही काय, समोरच तर आहे!"

मी बोट दाखवलं आमरसाच्या पातेल्याकडे. पण पातेलं होतं कोणाच्या हातात? दीपकला आणखी रस वाढायला नुकत्याच बाहेर आलेल्या भाग्यश्रीच्या!

आपल्याकडे शुगर म्हटलं की ताटातली साखर कोणाच्या डोक्यात येते? शुगर म्हणजे मधुमेह! आणि मुलगी पाहायला आलेल्या बाईनं मुलीकडे बोट दाखवून चारचौघांत म्हटलं होतं, हिला शुगर आहे.

मोठी माय खाटेवरून अशी उठली, की ऐंशीच्या घरातली बाई इतक्या वेगानं उठू शकते यावर माझा विश्वास बसेना. "कोन सांगं तुले? आमनी पोरले शुगर शे, हाई कोन सांगं?"

"अहो आजी, सांगायला कशाला हवं?" मी अजून आमरसातच बुडालेली. "नुसतं बघूनच कळतं! एवढा पिवळाधमक रंग!"

भाग्यश्री खरोखरच पिवळसर गोरी, तिला वाटलं तिचाच रंग काढला. ती जागच्या जागी लाल झाली.

आणि तेवढ्यात भिकनआबांच्या डोक्यात वेगळाच दिवा पेटला. हा हसतमुख माणूस ताडकन उठला, अंगणात गेला, शेजारच्या भिंतीकडे तोंड केलं आणि गर्जला, "हिंमत्या! ए हिंमत्या! बाहेर ये!"

हा हिंमतराव म्हणजे आबांचा चुलतभाऊ. मधे एक भिंत, आणि भिंतीखालून वाहणारं सांडपाणी. त्या पाण्यावरून दोन्ही घरांचं वैर. भिंतीपलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि दुपारच्या झोपेतून उठलेलं एक विस्कटलेलं डोकं वर उगवलं.

"काय व्हयनं? काबर बोंबली ऱ्हायना?"

"पाहुण्यांचे कान तू भरलेस ना? आमच्या पोरीला शुगर आहे म्हणून?"

"मी? देवनी आन! मी शुगरनं नावबी नही काढं!" हिंमतराव पोटतिडकीनं म्हणाले. "मी त्या अमळनेरवालास्ले फक्त इतलंच सांगं व्हतं, का पोरना आवाज मोठा शे!"

आणि मग स्वतःच जीभ चावली.

कारण अमळनेरचं एक स्थळ मागच्या वर्षी जमता जमता मोडलं होतं आणि का मोडलं याचा पत्ता आजवर कोणालाच लागला नव्हता. तो आज लागला!

मग काय विचारता! आबा भिंतीच्या अलीकडून, हिंमतराव पलीकडून. अमळनेरवरून गाडी सांडपाण्यावर आली, सांडपाण्यावरून आजोबांच्या वाटणीवर गेली. गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसली. कोणीतरी भुईमुगाच्या शेंगासुद्धा आणल्या. भाग्यश्रीनं रसाचं पातेलं दाणकन खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन विचारलं,

"काका! माझा आवाज मोठा आहे?"

किल्ल्यावरची पाखरं उडाली. हिंमतरावांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

आणि आमचा दीपक? इतका वेळ खाली मान घालून एकामागून एक मांडे मोडत बसलेल्या दीपकनं पहिल्यांदाच मान वर केली, भाग्यश्रीकडे पाहिलं आणि खो खो हसला. ती वळली. मला वाटलं, आता पातेलं ह्याच्या डोक्यात बसतं. पण तीही हसली! मग दीपकनं आणखी एक मांडा मागून घेतला.

इकडे हिंमतराव भिंत ओलांडायच्या बेतात, आबा त्यांचा पाय धरून ओढायच्या बेतात. मधू माझ्याकडे पाहत होता. दावणीचं दावं सुटून बैल पिकात शिरला की धनी जसा पाहतो ना, तसा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की ह्या सगळ्या महाभारताचं मूळ मी आहे. स्थळ हातचं चाललं होतं. माझ्या भाच्याचं, जो तिशी उलटेपर्यंत फक्त मुलींचे नकार ऐकत आला होता, त्याचं जमत आलेलं लग्न मी एका वाटीभर आमरसापायी मोडत होते.

काहीतरी करायला हवं होतं. मी केलं!

मी अंगणात धावले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! थांबा! मुलीला शुगर नाही! शुगर मला आहे! मला!"

सगळे थांबले. हिंमतराव एक पाय भिंतीवर टाकून थांबले.

"म्हणून तर मी खात नाही," मी पर्समधून बाटली काढून वर धरली. "हे बघा माझं औषध!" पुरावा म्हणून मी ते हिरवं आंबलेलं पाणी सगळ्यांदेखत घटाघट प्यायले. त्या वेळचं माझं तोंड ज्यांनी पाहिलं, त्यांना माझ्या आजाराबद्दल त्या घडीला तरी शंका उरली नसावी.

आबांनी कपाळावरचा घाम पुसला. "अहो ताई, मग आधी सांगायचं ना! आम्ही उगाच..."

मोठी माय जवळ आली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आजार शे ते शे. त्यामा लाजानं काय, माय?" तिनं आत हाक देऊन माझ्यासाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि साधं वरण मागवलं. मी मधूकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. म्हटलं, बघ! निभावलं की नाही? चार माणसांत बोलता येतं म्हणतात ते असं!

एवढ्यात मोठ्या मायचा पाठीवरचा हात थांबला.

"तू पोऱ्यानी आत्या ना?"

"हो तर!"

"सख्खी?"

"सख्खी म्हणजे काय आजी! एकुलती एक! मधू आणि मी, दोघांच्यात तिसरं कोणी नाही." मी छाती पुढे काढून सांगितलं.

"मंग तुना भाऊले बी व्हई," मोठी माय सावकाश म्हणाली. "आज नही ते सकाय. आनि भाऊले व्हई ते पोऱ्याले बी व्हई." ती आबांकडे वळली. "भिकन, बठ्ठा खानदानमा शुगर शे रे ह्यास्ना!"

आबांनी मधूच्या पुढ्यातलं ताट हळूच मागे घेतलं.

"मधूभाऊ," ते म्हणाले, "हे तुम्ही आधी बोलायला पाहिजे होतं. आमच्या पोरीनं जन्मभर नवऱ्याला सुया टोचत बसायचं का?"

मधूनं माझ्याकडे पाहिलं. मग दीपककडे पाहिलं. मग भाग्यश्रीकडे, जी अजूनही तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होती. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला. आमच्या बापाचं सगळं धैर्य त्या एका श्वासात गोळा झालं असावं.

"आबा," तो म्हणाला, "ती... ती माझी सख्खी बहीण नाही."

"काय?" आबा म्हणाले.

"काय?" मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले.

"मानलेली आहे."

मी कल्पनाकडे पाहिलं. म्हटलं, ही तरी काही बोलेल. आणि ती बोलली! लग्न झाल्यापासून मी तिच्या भाजीच्या फोडणीला, पोळीच्या आकाराला, दीपकच्या झबल्यांना नावं ठेवत आले. ते सगळं तिनं एका वाक्यात फेडून टाकलं.

"हो हो!" कल्पना उत्साहानं म्हणाली. "नुसती राखी बांधते. रक्ताचा काहीच संबंध नाही!"

मोठी माय डोळे बारीक करून म्हणाली, "मंग परकी बाईले पोर देखाले काबर लई उनात?"

परक्या बाईला का आणलं म्हटल्यावर मधू गडबडला. "गाडीत जागा होती."

गाडीत जागा होती! ज्याला मी कडेवर घेऊन जत्रा दाखवली, शाळेत मारणाऱ्या पोरांना ज्याच्यासाठी दगड मारले, तो माझा भाऊ म्हणतो, गाडीत जागा होती!

शेवटची आशा म्हणून मी दीपककडे वळले. लेकरू माझं! आत्या आत्या करत माझ्याच हातून बाळगुटी प्यायलेलं. दीपकनं शांतपणे हात पुसला, तांब्या उचलला आणि म्हणाला,

"काकू, पाणी देऊ का?"

आता तुम्ही सांगा, काय करायचं होतं मी? सख्खी आहे म्हणावं तर स्थळ जातं. शुगर नाही म्हणावं तर खोटारडी ठरते, शिवाय आमरसाचा अपमान पुन्हा उभा राहतो. मी घशातला दुधी कसाबसा खाली ढकलला.

"हो आजी," मी म्हटलं, "मानलेलीच. पण प्रेम सख्ख्यासारखं."

मधूनं मान हलवली. तीही जरा कंजुषीनंच.

त्यानंतर सगळं लोण्यासारखं सरकत गेलं. दीपक आणि भाग्यश्रीला बोलायला गच्चीवर पाठवलं. दोघं खाली आली ती हसत. ती काय म्हणाली म्हणे, की मला घाबरून हळू बोलणारा नवरा नको होता, माझ्या आवाजावर हसणारा मिळाला. झालं! नारळ फुटला, टिळा झाला, पेढे वाटले. भिंतीवर अडकलेल्या हिंमतरावांनासुद्धा पेढा गेला. मला मात्र पेढ्याचं ताट डोळ्यांसमोरून नेऊन वर सांगितलं, "तुम्हाला नको ताई, तुम्हाला सोसायचं नाही." समोरच्या ताटात कळण्याची अर्धी भाकर पडली होती. ती मात्र मी कण न् कण खाल्ली. डिटॉक्स माझं तिथेच, पारोळ्याच्या त्या अंगणात वारलं.

परतीच्या गाडीत मी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो स्टँड येईपर्यंत थांबला नाही. लाज नाही वाटली? आईबापानं काय शिकवलं?  मी उतरले, दार आपटलं, तेव्हा मधू काच खाली करून एवढंच म्हणाला,

"अक्का, एक मांडा खाल्ला असतास, तर आज सख्खी राहिली असतीस."

वाटलं होतं, चार दिवसांत प्रकरण निवळेल. मधू त्यांना हसत हसत खरं सांगून टाकेल. कशाचं काय! मुलीकडच्यांना एकदा सांगितलेलं खोटं म्हणजे लावलेली केळी. एक झाड काढलं तर शेजारी चार पिलं उभी! साखरपुड्याच्या आधी मधूचा फोन. "अक्का, तू नको येऊस. ते लोक म्हणतात, त्या बाईंना त्रास होईल."

"अरे पण साखरपुडा आहे माझ्या भाच्याचा!"

"नावातच साखर आहे," मधू म्हणाला आणि ठेवून दिला फोन.

लग्न झालं धुळ्याला, तुळशीच्या लग्नानंतर. आत्याशिवाय लग्न कसं दिसणार? म्हणून आमची एक चुलत बहीण, सुमन, सख्खी आत्या म्हणून उभी केली. दीपकनं तिला याआधी एकदाच पाहिलं असेल, तेही कोणाच्या तरी तेराव्याला. मानाची साडी सुमनला, हळदीचा पहिला हात सुमनचा, फोटोत नवरदेवाशेजारी सुमन. आणि मी? मी मुलाकडच्या पाहुण्यांत, पंख्याच्या वाऱ्याला, कल्पनाच्या भिशीतल्या बायकांशेजारी. आहेर म्हणून मला ब्लाउजपीस मिळालं. तेही पांढरं! विषच म्हणा ना!

जेवणाची वेळ झाली. आता डिटॉक्स नाही, बंधन नाही, मी मोकळी होते. पानात गरम जिलेबी वाढत वाढत वाढपी माझ्यापर्यंत आला आणि मला टाळून पुढे गेला.

"अहो, इकडे!"

"तुम्ही त्या शुगरवाल्या काकू ना? तुम्हाला वाढायची नाही, सांगून ठेवलंय."

मी उठून पलीकडच्या पंगतीत बसले. तिथला वाढपी म्हणाला, "काकू, तिकडून इकडे आल्या तरी शुगर तीच असते." पंगत हसली. मी भाताचा घास गिळत खाली मान घालून बसले. इतकं परकं मला सासरी पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं हो!

तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन बसलं. पाहते तर मोठी माय! तिनं स्वतःच्या पानातल्या दोन जिलेब्या उचलल्या आणि माझ्या पानात टाकल्या.

"खाय."

"आजी, पण मला..."

"खाय म्हनस ना मी! तुले कसानी शुगर? आनि मानेल बहीन म्हने! नाक ते बठ्ठं भाऊनंच शे!"

माझ्या हातातली जिलेबी हातातच राहिली. "म्हणजे आजी... तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी समजनं व्हतं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत? मोडलं का नाही लग्न?"

मोठ्या मायनं लांब मांडवात हात जोडून पाहुण्यांना निरोप देणाऱ्या मधूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि दात नसलेल्या तोंडानं मनापासून हसत म्हणाली,

"काबर मोडसू? म्हंतं, अशी बहीन जो मानूस येळवर सोडी देस, तो शाना शे. त्याना घरमा आमनी पोर सुखमा ऱ्हाई."